एफवन टीव्ही प्रो : पैसे वसूल होतात ते शनिवारी

एफवन टीव्ही प्रो ही फॉर्म्युला वन मोटार शर्यतींची अधिकृत स्ट्रीमिंग सेवा. तिचं वर्षाचं सबस्क्रिप्शन मी घेते ते शनिवारच्या क्वालिफाइंगसाठी, म्हणजे रविवारच्या रेसमध्ये कोण कितव्या जागेवरून सुटणार हे ठरवणाऱ्या फेरीसाठी. रविवारची रेस साध्या प्रक्षेपणातही छान कळते. पण एकाच टीमचे दोघे शनिवारी एकमेकांना कसे भिडतात हे नीट बघायचं असेल, तर प्रत्येक गाडीतला ऑनबोर्ड कॅमेरा, त्या ड्रायव्हरचा रेडिओ आणि लाइव्ह टायमिंग, तिन्ही हाताशी लागतात. ती इथे आहेत, आणि सेशन संपल्यावर रिप्लेमध्येही मिळतात. या सेवेचा खरा माल हाच, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी साताऱ्यात शाळकरी मुलामुलींना स्प्रिंट शिकवते. शंभर मीटरला अंतर सगळ्यांना सारखं, वाराही सारखाच, त्यामुळे कोण किती पाण्यात आहे ते लगेच दिसतं. एफवनमध्ये तसं नाही. एक ड्रायव्हर दुसऱ्यापेक्षा तीन दशांश सेकंद पुढे असला, तर त्यातलं त्याचं किती आणि गाडीचं किती हे बाहेरून कोण सांगणार? म्हणून तिथे पहिली मोजपट्टी टीममेटची. २०१८ मध्ये मॅक्लारेनची गाडी बरीच मागे पडलेली होती, पण त्याच गाडीत अलोन्सोनं टीममेट स्टॉफेल वॅन्डोर्नला क्वालिफाइंगमध्ये २१-० असं हरवलं. वॅन्डोर्न काही ऐरागैरा नव्हता, एफवनच्या खालोखालच्या जीपी२ मालिकेचा २०१५ चा चॅम्पियन होता. पुढच्या वर्षी त्याला एफवनमध्ये जागा राहिली नाही. २०२५ मध्ये रेड बुलच्या लियम लॉसनचं तर दोन रेसमध्येच आटोपलं. मेलबर्नला तो क्वालिफाइंगच्या पहिल्याच टप्प्यात, क्यू१ मध्ये, अठरावा, शांघायला शेवटचा. त्याच गाडीत वर्स्टॅपन अनुक्रमे तिसरा आणि चौथा. टीमनं लगेच त्याच्या जागी त्सुनोदाला बसवलं. पोरगा जेमतेम तेवीस वर्षांचा. मला फार वाईट वाटलं होतं.

आता ही सेवा कशी वापरायची ते सांगते. नव्या माणसानं २०२५ च्या नेदरलँड्समधल्या झांडवूर्टपासून सुरुवात करावी. शुक्रवार-शनिवारच्या तिन्ही सराव सत्रांत मॅक्लारेनचा लँडो नॉरिस पहिला होता. मग क्वालिफाइंगचा शेवटचा टप्पा, क्यू३ आलं, आणि पोल, म्हणजे रेसला सगळ्यांत पुढून सुटायची जागा, नेली त्याचा टीममेट ऑस्कर पिआस्ट्रीनं : १ मिनिट ०८.६६२ सेकंद. नॉरिस मागे राहिला ०.०१२ सेकंदानं. सव्वाचार किलोमीटरच्या ट्रॅकवर, त्यांच्या सरासरी वेगानं हिशेब केला तर हे अंतर पाऊण मीटरसुद्धा भरत नाही. गाडीचं पुढचं चाकही त्याहून थोडं कमीच असतं, इतकंच. मुख्य प्रक्षेपणात हे सगळं एका आकड्यात संपतं आणि कॅमेरा लगेच दुसरीकडे वळतो. इथे रिप्लेमध्ये आधी पिआस्ट्रीचा लॅप बघायचा, मग नॉरिसचा. पुन्हा पिआस्ट्रीचा, या वेळी चित्राकडे न बघता नुसता आवाज ऐकायचा. तिसऱ्या वळणावर ट्रॅक भिंतीसारखा तिरका होतो, तिथे हात कधी वळतो, किती वेळ धरून ठेवतो, बाहेर पडताना ॲक्सिलरेटर एका दमात दाबला जातो की मध्ये कुठे पाय कचरतो, यावर लक्ष ठेवायचं. चार-पाच वेळा बघितल्यावर डोळा तयार होतो. मी माझ्या मुलींना हे दोन्ही लॅप दाखवले. स्टार्टिंग ब्लॉकमधून उठताना शतांश सेकंद कुठे सांडतो, हे मी वर्षभर ओरडून सांगत होते, ते त्यांना त्या दिवशी पटलं.

लाइव्ह टायमिंग मात्र थेट सेशन चालू असतानाच बघा. ट्रॅकच्या प्रत्येक भागाचे, म्हणजे सेक्टरचे, छोटे छोटे तुकडे पाडलेले असतात. जांभळा म्हणजे सगळ्यांत वेगवान, हिरवा म्हणजे स्वतःची सर्वोत्तम वेळ, पिवळा म्हणजे सुधारणा नाही. दोघा टीममेट्सच्या ओळींवर नजर ठेवली की एकाचे तुकडे हिरवे होत जाताना दुसऱ्याच्या ओळीत एकच पिवळा उमटतो, आणि लॅप पूर्ण व्हायच्या आधीच आपल्याला निकालाचा अंदाज येतो. हा थरार मला दुसऱ्या कुठल्याच खेळाच्या ॲपनं दिलेला नाही.

रेडिओमुळे आणखी एक गोष्ट उलगडते : गाडी तीच, हे वाक्य दर वेळी खरं नसतं. २०१० मध्ये सिल्व्हरस्टोनला रेड बुलकडे नव्या पद्धतीचे दोनच फ्रंट विंग, म्हणजे गाडीच्या पुढचे पंख, होते. सकाळच्या सरावात फेटेलचा निकामी झाला, तेव्हा टीमनं वेबरच्या गाडीवरचा काढून फेटेलला लावला. फेटेल पोलवर, वेबर दुसरा. दुसऱ्या दिवशी वेबरनं रेस जिंकली आणि त्याचा राग साऱ्या जगानं ऐकला. २०२५ मध्ये मॅक्लारेननं कॅनडापासून पुढच्या सस्पेन्शनचा बदललेला भाग आणला. नॉरिसला स्टिअरिंगमधून हवा तसा अंदाज येत नव्हता, त्यानं तो घेतला. पिआस्ट्रीनं नको म्हटलं. म्हणजे नुसता स्कोअर बघून कोणावर शिक्का मारू नये. इंजिनिअर आणि ड्रायव्हर काय बोलतात ते ऐकावं, मग मत बनवावं.

टो, म्हणजे मागच्या गाडीला हवेचा आडोसा, देण्यावरून टीममेट्समध्ये होणारी भांडणंही इथेच समजतात. २०१९ ची मोंझा आवर्जून बघा. पुढच्या गाडीचा आडोसा मिळावा म्हणून क्यू३ मध्ये सगळेच रेंगाळले, आणि लेक्लेर व साइन्झ सोडून कोणालाच शेवटचा लॅप वेळेत सुरू करता आला नाही. लेक्लेरची पोल तशीच राहिली, आडोसा न मिळालेला त्याचा टीममेट फेटेल चौथा, आणि फेरारीच्या गॅरेजमधलं वातावरण एकदम गढूळ.

उणीव सांगायची तर जुन्या काळाची. सेवा २०१८ ला सुरू झाली, त्यामुळे सगळ्या गाड्यांच्या ऑनबोर्डची ही चैन त्याआधीच्या हंगामांना नाही. १९८८ च्या मोनॅकोच्या क्वालिफाइंगमध्ये आयर्टन सेनानं १:२३.९९८ अशी वेळ लावली आणि त्याच गाडीत त्याचा टीममेट प्रोस्ट १.४२७ सेकंद मागे राहिला. एफवनमधला टीममेटवरचा हा सर्वांत गाजलेला विजय, पण त्या लॅपचं गाडीतलं चित्रीकरणच नाही. आणि समालोचन मराठीत नाही. इतकी मराठी मुलं हे बघतात, निदान पोल लॅपचं विश्लेषण तरी आपल्या भाषेत यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

फक्त रेस बघणाऱ्यांनी हे घेऊ नये, त्यांचं काही अडत नाही. क्वालिफाइंगची ओढ असेल तर महिन्याचं घेण्यापेक्षा वर्षाचं घ्या, स्वस्त पडतं. युरोपातल्या बहुतेक रेसचं क्वालिफाइंग आपल्याकडे संध्याकाळी साडेसातच्या सुमारास असतं, त्यामुळे झोपमोड नाही. आणि पोलच्याच मागे लागू नका. क्यू१ ची शेवटची दोन मिनिटं उरली असतील, मधल्या फळीतल्या एखाद्या टीमचा एकजण वर सुरक्षित आणि दुसरा बाद होण्याच्या रेषेखाली असेल, तेव्हा मुख्य चित्र सोडून त्या दुसऱ्याच्या गाडीत जाऊन बसा.