लेखनाला पैकीच्या पैकी, वाचनाला काठावर पास

शिक्षक आणि शालेय ग्रंथपाल यांच्यासाठीचा वाचन आणि सर्जनशील लेखनाचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम नुकताच पूर्ण केला. मी शाळेत ग्रंथपाल आहे, भाषेच्या काही तासिकाही माझ्याकडे असतात, त्यामुळे दोन्ही बाजूंनी बोलायचा थोडाफार हक्क मला आहे. संस्थेचं नाव घेत नाही, कारण पुढे तक्रारी बऱ्याच आहेत. आधीच सांगून टाकते: अभ्यासक्रमाचे दोन भाग दोन वेगळ्या संस्थांनी केलेत की काय, असं वाटावं इतकं त्यांच्यात अंतर आहे. लेखनाचा भाग मी आजवर केलेल्या प्रशिक्षणांत सगळ्यांत उजवा. वाचनाचा भाग कुणाच्या तरी स्लाइड उचलून आणून समोर ठेवलेला.

लेखनापासून सुरू करते. पहिल्या सत्रात ओळखपरेड नव्हती, उद्दिष्टांची स्लाइड नव्हती. मार्गदर्शक बाई म्हणाल्या, "वही उघडा. दहा मिनिटं पेन थांबवायचं नाही. सुचलं नाही तर 'सुचत नाही' असंच लिहीत राहा." चॅटमध्ये लगेच प्रश्नांची रांग लागली. विषय काय? किती ओळी? मुद्दे देणार आहात का? निबंध सांगितला की मुलं अगदी हेच विचारतात आणि आपण वैतागतो. बाईंनी एकाही प्रश्नाला उत्तर दिलं नाही, त्या स्वतः मान खाली घालून लिहीत बसल्या. या मुक्तलेखनाचा पुरस्कार अमेरिकी लेखनशिक्षक पीटर एल्बो यांनी १९७३ मध्ये केला. लिहिणारा आणि तपासणारा एकाच वेळी डोक्यात बसले की दोघांचंही काम अडतं, हा त्यामागचा विचार. मला तो वाचून ठाऊक होता. पण हात भरून आल्यावर आतला तपासनीस खरोखरच गप्प बसतो, हे ठाऊक नव्हतं. ते लिहिल्याशिवाय कळत नाही.

शिक्षकाने आधी स्वतः लिहावं, हा आग्रह पूर्ण लेखनविभागात कुठेही सुटत नाही. त्याचं मूळही बाईंनी ओझरतं सांगितलं. १९७४ मध्ये जेम्स ग्रे यांनी बर्कली विद्यापीठात शिक्षकांसाठी उन्हाळी लेखनवर्ग सुरू केले, त्यातून पुढे अमेरिकेत देशभराचा लेखन प्रकल्प उभा राहिला. लेखन शिकवणाऱ्याने लिहितं असावं आणि शिक्षकांना शिकवायला वर्गात उभा राहणारा दुसरा शिक्षक असावा, ही त्याची दोन सूत्रं. आमच्या बाई आजही वर्ग घेतात, आणि ते त्यांच्या बोलण्यातून कळतं. "मुलांना प्रोत्साहन द्या" छापाचं एकही वाक्य त्यांच्या तोंडून आलं नाही. त्या सांगत होत्या ते असं: मागच्या बाकावरचा मुलगा "झालं" म्हणून पाच मिनिटांत वही मिटतो, तेव्हा त्याला "अजून लिही" म्हणू नका, त्याच्या मजकुरातल्या एका वाक्यावर बोट ठेवा आणि "इथे कोण कोण होतं?" असं विचारा.

सगळ्यांत रंगलेलं सत्र दोन शब्दांचं. जानी रोदारी या इटालियन बालसाहित्यकाराने १९७२ मध्ये रेज्जो एमिलिया या गावी शिक्षकांसोबत काही बैठका घेतल्या होत्या, त्यातली ही युक्ती. एकमेकांशी काहीही संबंध नसलेले दोन शब्द घ्यायचे आणि त्यांच्यात नातं लावायचं. शब्द जितके लांबचे तितकं बरं. दप्तर आणि पेन्सिल घेतलं की काहीच घडत नाही, ती आधीपासूनच एकत्र राहतात. आम्हाला मिळाले शिडी आणि कासव. इटालियनमध्ये हे नातं मधल्या छोट्या शब्दांनी लागतं, आपल्याकडे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं ते काम करतात. म्हणून बाईंनी फळ्यावर नुसती यादी लिहायला लावली: कासवाची शिडी, शिडीवरचं कासव, शिडीखालचं कासव, शिडीवाचून कासव, कासवापुरती शिडी. शेवटच्यावर एक गणिताचे सर अडले. कासवापुरती म्हणजे किती पायऱ्यांची? त्यांनी हिशोब मांडला, एकच पायरी. मग ती बनवली कुणी, कासवाला चढायचं होतं तरी कुठे, आणि एका पायरीच्या वस्तूला शिडी म्हणावं का, यावर त्यांनी पानभर मजकूर लिहून वाचून दाखवला. "मी भाषेचा नाही" असं आल्यापासून घोकणारे हे सर. व्याकरणाच्या तासाला विभक्तीचा तक्ता पाठ करून घेण्यात वर्षं घालवलेल्या आम्हा भाषावाल्यांची त्या दिवशी थोडी पंचाईतच झाली.

एकमेकांचं लेखन कसं वाचायचं, यालाही शिस्त होती. ऐकणाऱ्याने आधी सांगायचं की त्याच्या लक्षात काय राहिलं. मग काय जाणून घ्यावंसं वाटतं ते विचारायचं. "छान" हा शब्द बंद. ऱ्हस्व-दीर्घावर बोलायचं नाही, ते शेवटच्या खर्ड्याला. यावर अपेक्षेप्रमाणे वाद पेटला. एका ज्येष्ठ बाईंनी विचारलं, "म्हणजे शुद्धलेखन तपासायचंच नाही का?" उत्तर म्हणून मार्गदर्शक बाईंनी स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांचा २००७ चा आढावा पडद्यावर आणला. चौथी ते बारावीच्या मुलांवर झालेल्या लेखनविषयक प्रयोगांचा तो एकत्रित अभ्यास आहे. आराखडा कसा करायचा, फेरलेखन कसं करायचं या रीती उलगडून शिकवल्या तर लेखन ठळकपणे सुधारतं. दोन-तीन छोटी वाक्यं जोडून एक करायचा सरावही उपयोगी पडतो. लेखनापासून तोडून शिकवलेल्या व्याकरणाचा परिणाम मात्र उणे निघाला. बाई तिथेच थांबल्या नाहीत, आणि हे मला आवडलं. त्या म्हणाल्या की शुद्धलेखन तपासायचंच, पण जे मूल अजून गोष्ट शोधतंय त्याच्या वहीवर लाल शाई ओतली तर ते पुढच्या वेळी फक्त खात्रीचे शब्द लिहितं. ज्येष्ठ बाईंना हे पटलं नाही. सत्र संपेपर्यंत नाही पटलं. कुणी त्यांना पटवून द्यायचा खटाटोपही केला नाही.

या भागाचा खरा ऐवज पुढे आहे. प्रत्येकाने आपल्या वर्गातली एक लेखनतासिका मोबाइलवर चित्रित करायची, छोट्या गटात ती सगळ्यांनी बघायची, मग काही आठवड्यांनी तीच तासिका पुन्हा घ्यायची आणि पुन्हा दाखवायची. प्रशिक्षणातलं वर्गापर्यंत पोचत का नाही, यावर ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८० च्या दशकात जे मांडलं ते शिक्षक-प्रशिक्षणात सगळ्यांना पाठ आहे: व्याख्यान, प्रात्यक्षिक आणि सराव एवढ्यावर थांबलं तर वर्गात फारसं काही बदलत नाही, नंतर कुणीतरी सोबत राहावं लागतं. पाठ सगळ्यांना आहे, करतं कोण? इथे केलं. आमच्या गटातल्या एका बाईंच्या तासिकेत त्या प्रश्न विचारून लगेच स्वतःच उत्तर देत होत्या. मार्गदर्शकांनी चित्रफीत थांबवून घड्याळ लावलं. प्रश्न आणि उत्तर यांच्यात सेकंदभरसुद्धा अंतर नव्हतं. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांमध्ये हेच मोजलं होतं: शिक्षक साधारण एक सेकंद थांबतात, तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागतात. दुसऱ्या चित्रफितीत त्याच बाई प्रश्न विचारून पाठीमागे हात बांधून उभ्या होत्या. चेहऱ्यावर अवघडलेपण स्पष्ट दिसत होतं. पण तिसऱ्या रांगेतल्या एका मुलीचा हात हळूहळू वर गेला, आणि आमचा अख्खा गट स्क्रीनसमोर हसला.

आता वाचन.

सुरुवात बरी होती. गॉफ आणि टनमर यांनी १९८६ मध्ये मांडलेलं साधं सूत्र आहे: वाचून समजणं म्हणजे लिपी उलगडता येणं गुणिले भाषा समजणं. बेरीज नाही, गुणाकार. एक बाजू शून्य असेल तर उत्तर शून्य, मग दुसरी कितीही भक्कम असो. घडाघडा वाचणारं पण काही न समजणारं मूल आणि गोष्ट ऐकून सगळं सांगणारं पण पानावर अडणारं मूल, दोघांना एकाच 'कच्चे' रकान्यात टाकू नये हे यातून चटकन कळतं. पुढे २००० सालच्या अमेरिकी वाचन समितीचे पाच घटक आले: ध्वनींची जाणीव, अक्षर-ध्वनी संबंध, प्रवाही वाचन, शब्दसंग्रह, आकलन. ठीक. इथपर्यंत स्लाइड वाचून दाखवल्या तरी चाललं असतं, आणि सत्र घेणाऱ्या तज्ज्ञांनी तेवढंच केलं.

पण पुढच्याच सत्रात दुसरे तज्ज्ञ आले आणि म्हणाले, शब्द अडला तर मुलाला चित्र बघून, पहिलं अक्षर बघून अंदाज करायला सांगा. ही केनेथ गुडमन यांची १९६७ ची मांडणी. कुशल वाचक अंदाजावर चालत नाहीत, कच्चे वाचकच अंदाजाचा आधार घेतात, असं त्यानंतरच्या संशोधनातून पुन्हा पुन्हा पुढे आलंय. आधीच्या सत्रात सांगितलेलं याच्या थेट उलट होतं. दोन तज्ज्ञांनी एकमेकांच्या स्लाइड पाहिल्याच नसाव्यात. चॅटमध्ये कुणीतरी नेमकं हेच विचारलं, तर "दोन्हींचा समतोल साधा" असं उत्तर आलं. समतोल हा शब्द प्रशिक्षणात आला की समजावं, उत्तर तयार नाही.

त्यावर कडी म्हणजे 'तुमचा विद्यार्थी कोणत्या शैलीने शिकतो' ही प्रश्नावली. पाहून, ऐकून की हालचालीतून. हॅरल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्येच तपासून सांगितलं की मुलाच्या शैलीप्रमाणे शिकवलं तर ते जास्त शिकतं, याला पुरेसा पुरावा नाही. तरी हा तक्ता प्रत्येक प्रशिक्षणात वेषांतर करून हजर असतो. इथे तो रंगीत होता, एवढाच फरक.

माझी मोठी तक्रार लिपीबद्दल आहे. अक्षर-ध्वनीचं सत्र इंग्रजीसाठी बनवलेलं होतं आणि फक्त भाषांतरित केलं होतं. आपल्या लिपीत एकेक व्यंजन स्वरचिन्हं घेऊन बाराखडीभर रूपं बदलतं. 'कि' लिहिताना वेलांटी आधी येते, उच्चारताना स्वर नंतर येतो. एकटा 'र' घ्या: 'कर्म'मध्ये तो डोक्यावर बसतो, 'क्रम'मध्ये पायाशी तिरका, 'ट्रक'मध्ये खाली टोपी घालून, 'सुऱ्या'मध्ये आणखी निराळाच. मुलं इथे अडकतात, आणि या सत्रात यातलं अवाक्षर नाही. सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांवर केलेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा लिपीत अक्षरांची ओळख पूर्ण व्हायला पहिली-दुसरीच्या बरंच पुढे जावं लागतं, हे त्यात दिसतं. म्हणजे तिसरीतलं मूल जोडाक्षरावर थांबलं की लगेच 'मागे पडलंय' असा शिक्का मारायची घाई नको. शिक्षकाच्या रोजच्या कामाची ही गोष्ट, आणि तीच गाळलेली.

ग्रंथपालांचं काय? जाहिरातीत आम्ही शीर्षकात होतो, वेळापत्रकात शेपटाला. आमच्या वाट्याला पुस्तक-सप्ताह कसा साजरा करावा आणि भिंतीवर काय लावावं. इफ्ला या ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या २०१५ च्या शालेय ग्रंथालय मार्गदर्शक तत्त्वांत वाचनप्रसार तर आहेच, शिवाय शिक्षकांचा व्यावसायिक विकासही शालेय ग्रंथपालाच्या अध्यापनविषयक कामांत धरला आहे. म्हणजे असं प्रशिक्षण देणं हा आमच्या कामाचा भाग, आणि आम्हाला मिळालं तोरणं लावायचं शिक्षण. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी १९३१ मध्ये 'प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक' असं सांगून ठेवलंय. त्या वाचकाशी बोलायचं कसं, यावर एक पूर्ण सत्र सहज झालं असतं. झालं ते अर्धा तास, तेही एका सहभागी ग्रंथपाल ताईंनी आपणहून घेतलेलं. त्यांनी ब्रिटिश बालसाहित्यकार एडन चेंबर्स यांचे चार साधे प्रश्न वापरून दाखवले: काय आवडलं, काय नाही आवडलं, काय कोड्यात टाकून गेलं, कुठे काही पुन्हा पुन्हा आल्यासारखं वाटलं. 'या गोष्टीतून तुम्ही काय शिकलात' हा प्रश्न त्यात नाही. तो गाळला की मुलं किती बोलतात, हे मी माझ्या वाचनतासिकेला आता बघतेय. तिसऱ्या प्रश्नाला सगळ्यांत जास्त हात वर येतात.

बाकी सोयीगैरसोयी थोडक्यात. आवाज स्पष्ट, वेळ पाळली जाते, शाळा सुटल्यानंतरची वेळ आहे. मोबाइलवर चालतं, पण छोट्या गटात एकमेकांचा मजकूर वाचायचा तर लॅपटॉप बरा. व्हॉट्सअॅप गट सुप्रभातांनी भरून वाहतो, कामाच्या फायली त्यात बुडतात, तेव्हा आल्या आल्या उतरवून घ्या. सत्रांची ध्वनिचित्रमुद्रणं अभ्यासक्रम संपल्यावर लवकरच बंद होतात, आणि हे आधी कुणी सांगत नाही. वर्गाचं चित्रण करायच्या आधी मुख्याध्यापक आणि पालक यांची लेखी परवानगी घ्या. संस्था नमुना-पत्र देते, पण मागितलं तरच.

लेखनाचा भाग वेगळा घेता येतो. तेवढाच घ्या, आणि नाव नोंदवण्याआधी फोन करून खात्री करून घ्या की तुमच्या तुकडीत तासिका बघायची दुसरी फेरी आहे. काही तुकड्यांत ती 'ऐच्छिक' करून टाकलीय, असं पुढच्या तुकडीतल्या एका सरांकडून कळलं. ती नसेल तर ती असलेल्या तुकडीसाठी थांबा.