पोस्टोसुकसचं खेळणं: पाय जमलेत, हात गंडलेत, खोक्यावर तर थापच मारलीय

भाच्याच्या वाढदिवसासाठी ऑनलाइन मागवलं, साडेअकराशे रुपये, जेमतेम वीतभर लांब. टी-रेक्स त्याच्याकडे आधीच तीन आहेत म्हणून म्हटलं यावेळी जरा वेगळं काहीतरी देऊ, म्हणून हा पोस्टोसुकस, डायनासोरांच्या काळातला मगरींच्या भावकीतला शिकारी प्राणी.

आधी चांगलं सांगतो. पाय! असले प्राणी बनवताना सरळ मगर बनवून पाय बाजूला फाकवलेले मी कितीतरी बघितलेत, इथे मात्र पाय खांबासारखे अंगाखाली सरळ आहेत आणि खरा पोस्टोसुकस तसाच होता, चार-पाच मीटरचं धूड पण पोट घासत सरपटणारं नाही. पाठीवर हाडांच्या खवल्यांच्या ओळी आहेत, बोट फिरवलं की मस्त लागतात. डोकंही मगरीसारखं चपटं न करता उंच आणि अरुंद केलंय, त्याबद्दल अर्धा स्टार जास्तीचा.

पण हात बघून चिडचिड झाली. पुढचे पाय मागच्यांएवढेच जाड आणि लांब, आणि खऱ्याचे ते मागच्यांच्या साधारण दोन तृतीयांशच होते, पंजे तर अजूनच बारके, म्हणून तर तो दोन पायांवर चालायचा असं काही अभ्यासकांचं म्हणणं आहे. हे दोन पायांवर उभं केलं की धाडकन नाकावर पडतं.

आणि खोका! वर मोठ्या अक्षरात 'डायनासोर'. अहो हा मगरींच्या भावकीतला, डायनासोर त्याच्या शेजारी राहायचे, आणि तेव्हा त्या भागातले बरेचसे त्याच्यापेक्षा लहानच होते. मूळचे कोलकात्याचे जीवाश्मतज्ज्ञ शंकर चॅटर्जी यांना १९८० मध्ये टेक्सासात पोस्ट गावाजवळ हा सापडला (पोस्ट म्हणजे टपाल नाही, ते नाश्त्याचं सीरियल विकणारे सी. डब्ल्यू. पोस्ट, त्यांनी वसवलेलं गाव), १९८५ मध्ये नाव देताना त्यांनाही तो टी-रेक्सच्या पूर्वजांपैकी वाटला होता, नंतर ते खोडलं गेलं. पण ते १९८५ होतं हो, खोका यंदाचा आहे.

सोबतच्या माहितीपत्रकात चारच ओळी, त्यातल्या दोन बॅटरीबद्दल, आणि याला बॅटरीच नाहीये. नॉर्थ कॅरोलायनात याच्याच जातभाईच्या पोटात तीन-चार वेगवेगळ्या प्राण्यांची हाडं सापडलीत, पोरं असल्या गोष्टीवर उड्या मारतात, ते छापायचं ना!

डिलिव्हरीबद्दल न बोललेलं बरं, पहिल्यांदा शेपूट मोडलेलं आलं, फोटो पाठवा, व्हिडिओ पाठवा करत बदलून मिळायला नऊ दिवस लागले आणि वाढदिवस तोवर होऊन गेला. रंगाचा वासही दोन दिवस जात नव्हता, गॅलरीत ठेवला होता.

एकूण साडेतीन स्टार. सेल लागला तर घ्या, पूर्ण किमतीला नको.

भाच्याने आल्या आल्या याच्या उघड्या जबड्यात टी-रेक्सची मान अडकवली. मी म्हटलं अरे या दोघांमध्ये जवळपास १५ कोटी वर्षांचं अंतर आहे, तर म्हणे मामा तू चहा पी.