लांब दांड्याचा शूहॉर्न : आठ महिने रोज वापरल्यानंतर

फेब्रुवारीत माझा डावा खुबा बदलला. ऑपरेशन नीट झालं, टाके सुकले, वॉकर सुटून हातात काठी आली, आणि मग बुटाशी येऊन अडलं. फिजिओथेरपिस्ट ताईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं : बारा आठवडे खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकवायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाऊल आत वळवायचं नाही, खुर्चीत बसून खाली पडलेलं काही उचलायला जायचं नाही. नव्या सांध्याचा गोळा वाटीतून निसटायची भीती असते. चालताना सपाता नकोत, मागून बंद आणि तळ न घसरणारा बूटच हवा, हेही त्यांनीच सांगितलं. आता न वाकता मागून बंद बूट घालायचा कसा?

सुरुवातीला हे घालून द्यायचे. ह्यांचे स्वतःचे दोन्ही गुडघे दुखतात, जमिनीवर बसले की उठताना भिंत धरावी लागते. मी खुर्चीत ताठ बसलेली आणि हे माझ्यापुढे खाली बसून माझी टाच बुटात कोंबतायत. त्यांनी कधी तोंड वाकडं केलं नाही, पण रोज सकाळी माझ्या पोटात कालवायचं. दोनदा तर फिरायला जायचंच मी टाळलं, केवळ त्यांना खाली बसायला लागू नये म्हणून. शूहॉर्न म्हणजे टाच बुटात सरकवायची पट्टी. एका पट्टीबद्दल इतकं लिहितेय ते यासाठी. ज्यांच्या घरी खुब्याचं, गुडघ्याचं, पाठीच्या मणक्याचं दुखणं आहे, त्यांना ही वस्तू वेळेवर आणि धड मिळावी असं मला मनापासून वाटतं.

माझी पहिली खरेदी फसली. मुलीने घाईघाईत ऑनलाइन मागवलेला प्लॅस्टिकचा शूहॉर्न होता, साधारण ४० सेंटिमीटर लांब, १८० रुपयांचा. बुटांच्या दुकानात मिळतो त्या बोटभर तुकड्यापेक्षा बरा, पण खुर्चीत पाठ टेकवून बसलं तर टाचेपर्यंत पोचेना. पोचवायला गेलं की तेवढी मी पुढे झुकायचे, म्हणजे जे करायचं नव्हतं तेच. तरीही महिनाभर वापरला. मग एक दिवस दांडा जिथे सपाट होऊन चमच्यासारखा पसरतो, त्या मानेवर एक पांढुरकी रेघ दिसली. पुसली तर जाईना. दुसऱ्या आठवड्यात ती रेघ लांबली आणि एका सकाळी बरोबर तिथूनच पट्टीचे दोन तुकडे झाले. टाच अर्धी आत, अर्धी बाहेर, आणि माझ्या हातात नुसता दांडा. प्लॅस्टिक एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकलं की तिथे असं पांढरं पडतं, ही गोष्ट तेव्हा मला माहीत नव्हती. तुमच्या पट्टीवर अशी रेघ दिसली तर त्याच दिवशी ती बाजूला ठेवा. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाचा अशा वेळी तोल जाणं परवडणारं नाही.

तुकडे बघून हे म्हणाले, ''अगं, तू तरफ लावत होतीस.'' खरंच होतं ते. टाच अडली की मी दांडा जोरात मागे ओढायचे. दांडा जितका लांब, तितका तो सगळा जोर मानेवर जाऊन साठतो. म्हणून लांब शूहॉर्न घेताना मान कशी आहे हे आधी बघायचं. दांडा एका तुकड्याचा आणि चमचा दुसऱ्या तुकड्याचा असा जोडलेला असेल, मध्ये रिबीट किंवा स्क्रू असेल, तर तो तिथेच ढिला होणार.

हे कळूनही दुसरी चूक केलीच. पुण्यात टिळक रोडच्या बाजूच्या एका सर्जिकलच्या दुकानात वॉकर, कमोडच्या खुर्च्या, कमरेचे पट्टे यांच्यामध्ये एक स्प्रिंगवाला शूहॉर्न टांगलेला होता. दांड्याच्या शेवटी जाड स्प्रिंग आणि तिच्यापुढे चमचा. दुकानदारांनी कौतुकाने वाकवून दाखवला, ''मावशी, हा तुटतच नाही.'' तुटला नाही हे खरं. पण टाच सरकवायला जिथे नेमका दाब द्यायचा असतो तिथे ती स्प्रिंग बाजूला झुकायची, आणि चमचा बुटाच्या कडेला जायचा. ज्यांना उभ्याने, वेगवेगळ्या कोनातून बूट घालायचा असतो त्यांना तो सोयीचा पडत असेल. मला बसून, सरळ, अंदाजाने घालायचा होता. दोन आठवड्यांत तो माळ्यावर गेला.

एप्रिलच्या शेवटी लक्ष्मी रोडवर ह्यांच्यासाठी सँडल घ्यायला गेलो होतो. तिथला मुलगा गिऱ्हाइकांना बूट चढवून द्यायला एक लांब स्टीलची पट्टी वापरत होता. एकसंध, कुठे जोड नाही. हातात घेऊन बघितली, वाकवून बघितली. मालकांना विचारलं तर विकायला ठेवत नाही म्हणाले, पण कुठून आणली ते सांगितलं. रविवार पेठेत, बोहरी आळीच्या पुढे एका ठोक विक्रेत्याकडे तशीच मिळाली, ५२० रुपयांना. हीच ती, आठ महिने रोज वापरातली.

लांबी ६२ सेंटिमीटर, चमच्याची रुंदी चार. घरच्या वजनकाट्यावर २२० ग्रॅम भरली. पत्रा साधारण दीड मिलिमीटरचा, आणि मानेपाशी तो लांबीच्या दिशेने किंचित पन्हाळीसारखा वळवलाय. सगळी ताकद त्या वळणात आहे. सपाट पत्रा वाकतो, तोच पन्हाळीसारखा केला की ताठ राहतो, पत्र्याच्या छपराला वळ्या असतात त्याच कारणाने. दुकानात पट्टी डोळ्यांसमोर आडवी धरून मानेत हे वळण आहे का ते बघा. नुसती चकचकीत, सपाट पट्टी असेल तर ती वाकेल, सरळ करताना पुन्हा वाकेल.

कडा तपासायची माझी पद्धत साधी आहे. ओढणीचं टोक चमच्याच्या कडेवरून फिरवायचं. धागा अडला तर कड नीट घासलेली नाही, आणि तीच कड उद्या मोजे फाडेल, टाच सोलेल. त्या दुकानात मी चार पट्ट्यांवर ओढणी फिरवली, दोन अडल्या. दुकानदार काही बोलले नाहीत, उलट त्या दोन त्यांनी बाजूला काढून ठेवल्या. लोहचुंबक चिकटत नाही म्हणजे स्टील चांगलं, असं आपल्याकडे सर्रास सांगतात. त्यावर विसंबू नका. ३०४ या चांगल्या प्रतीच्या स्टेनलेस स्टीलला चुंबक जवळजवळ चिकटत नाही, पण २०० मालिकेतल्या स्वस्त स्टीललाही तसाच चिकटत नाही, आणि ते ओलीत लवकर डाग धरतं.

पावसाळ्यात याची परीक्षा झाली. जून ते सप्टेंबर आमचा शू रॅक दाराबाहेर पॅसेजमध्ये, बूट कायम दमट, पट्टी तिथेच खिळ्याला टांगलेली. पट्टीवर डागसुद्धा नाही. गंजली ती टांगायची कडी! साध्या लोखंडाची होती, ऑगस्टमध्ये तिचा तांबडा ओघळ भिंतीवर आला. कडी काढून परकराची नाडी ओवली, प्रश्न मिटला. समोरच्या काकूंकडे परदेशातून आलेली लाकडी पट्टी आहे, दिसायला फार देखणी, हाताला ऊबदार. पण याच पावसात तिचं पॉलिश फुगलं आणि टोकाला बारीक चीर गेली. घरात, कोरड्या जागी ठेवणार असाल तर लाकडी घ्यायला हरकत नाही. आपल्याकडे ही वस्तू उंबऱ्याबाहेरच राहते, हा विचार करून घ्या. शिवाय आपण बूट दिवसातून किती वेळा काढतो-घालतो ते मोजा. मी एका दिवशी मोजलं : फिरणं, वाण्याचं दुकान, दवाखाना, देऊळ. चार वेळा घातले, चार वेळा काढले.

काढतानाही हीच पट्टी कामी येते. चमचा मागून टाचेपाशी सरकवून बूट खाली ढकलायचा, सुटतो. मोज्याची मागची कडही त्याच टोकाने खाली ढकलते. मोजा घालायला मात्र याचा उपयोग नाही, त्यासाठी दोऱ्या लावलेलं वेगळं साधन येतं.

लांबी निवडताना स्वतः बसून बघा. ज्या खुर्चीवर बूट घालणार त्याच खुर्चीत पाठ टेकवून बसायचं, पाऊल जरा पुढे, हात गुडघ्यापाशी सैल, आणि मुठीपासून टाचेपर्यंतचं अंतर दुसऱ्या कुणाला मोजायला सांगायचं. माझी उंची ५ फूट २ इंच, मला ६२ अगदी बरोबर. हे ५ फूट ९ इंच, ह्यांना माझी पट्टी तोकडी पडायची, म्हणून पुढे ७५ ची घेतली. ती मी वापरून बघितली तर मला टोक आवरेना, चमचा बुटात जायच्या आधी इकडेतिकडे हलत राहतो. जितका लांब तितका चांगला, असं नाही. खुर्चीही उंच हवी, बसल्यावर गुडघे खुब्यापेक्षा खाली राहतील अशी. आणि ऑपरेशन ताजं असेल तर पट्टी पायाच्या कुठल्या बाजूने न्यायची, पाय किती वळवायचा, हे तुमच्या फिजिओकडून एकदा प्रत्यक्ष करून घ्या.

मी आता असं करते : बुटाची टाच भिंतीला टेकवून ठेवते म्हणजे तो मागे पळत नाही. जीभ पुढे ओढलेली असते. पट्टी बुटाच्या मागच्या आतल्या बाजूला दोन-तीन बोटं आत, उभी. पायाची बोटं आधी आत, मग पट्टीवरून टाच घसरू द्यायची. टाच टेकल्याचा एक मऊ 'फट्' असा आवाज येतो, तो आला की पट्टी सरळ वर. मागे खेचायची नाही. अडलं तर जोर न लावता पुन्हा पहिल्यापासून. लेसचा प्रश्न उरतोच, त्यासाठी इलॅस्टिकच्या लेस बसवून घेतल्या, गाठ मारायलाच नको. पट्टीचा एक फायदा मला उशिरा कळला. कोपऱ्यावरच्या बूट शिवणाऱ्या दादांनी माझा जोड हातात घेऊन विचारलं, ''ताई, टाच अजून ताठ कशी?'' आपण घाईत मागची बाजू पायाखाली दाबतो, बोटाने ओढतो, आणि टाचेमागचा आतला ताठ तुकडा, म्हणजे काउंटर, मोडतो. तो एकदा बसला की टाच हलते, घासते. माझ्या बुटांचे तळ झिजलेत, काउंटर शाबूत आहे.

दोन तक्रारी आहेत. स्टीलची मूठ निसरडी आहे, हात ओला असेल तर फिरते, आणि आता डिसेंबरच्या सकाळी हाताला गार लागते. बॅडमिंटनच्या रॅकेटला लावतात ती ग्रिप आणून वर वीतभर गुंडाळली. पकड इतकी छान बसते की ती कारखान्यातूनच यायला हवी होती. दुसरी तक्रार, ही पर्समध्ये मावत नाही. सारसबागेत गणपतीला गेले तेव्हा फार आठवण झाली. कट्ट्यावर बसून ह्यांनीच पुन्हा बूट चढवले. मग बाणेरला मुलीकडे एक वेगळीच घेऊन ठेवली. लांबवता येणाऱ्या नळीच्या पट्ट्या मिळतात, पण जोड म्हटला की मला आता ती पांढरी रेघ आठवते.

ज्यांना मधुमेह आहे त्यांच्यासाठी एक सूचना. ह्यांना साखर आहे आणि तळपायाची जाण थोडी कमी झालीय. धातूची कड लागली, साल निघाली, तरी कळत नाही. म्हणून ह्यांनी मोज्याशिवाय पट्टी वापरायची नाही, आणि रात्री मी दोन्ही टाचा उजेडात बघते. अशा पायांना गोल, जाड कडेची चांगल्या प्लॅस्टिकची पट्टीही चालेल, फक्त ती मानेत जाड हवी आणि दर वर्षी बदलायची तयारी हवी.

शूहॉर्न पूर्वी खरोखरच जनावराच्या शिंगाचे करत, नाव तिथूनच आलं. इंग्लंडमध्ये रॉबर्ट मिंडम नावाच्या कारागिराने १५९३ ते १६१३ या काळात शिंगावर नक्षी कोरून असे शूहॉर्न केले, आणि ज्याच्यासाठी केला त्याचं नावही त्यावर कोरलं. त्यातले काही आजही जपलेले आहेत. हे वाचलं आणि मला भांड्यांवर नाव घालून देणारे आपले दुकानदार आठवले. दोन्ही पट्ट्या घेऊन मंडईजवळच्या भांड्यांच्या दुकानात गेले. त्यांनी ते कर्रकर्र करणारं यंत्र काढलं आणि ताटावर घालतात तसं माझ्या पट्टीवर माझं आणि ७५ वर ह्यांचं नाव घालून दिलं, पैसे घेतले नाहीत. दोन खिळ्यांवर दोन्ही शेजारी शेजारी टांगल्यात. सकाळी सहाला आम्ही आपापले बूट आपापल्या हाताने घालतो. हे माझ्या आधी तयार होतात आणि लिफ्टचं बटण दाबून ठेवतात.