गाडीतला टीव्ही : दापोली-मुंबई मार्गावरचा आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी पंधरा दिवस मी माझ्या सतरा आसनी गाडीत टीव्हीचा संच बसवून घेतला. गाडी दापोलीहून दादरला आठवड्यातून तीन फेऱ्या करते, रस्त्यात आठ-नऊ तास जातात आणि चाकरमानी मंडळी कंटाळतात, एवढाच त्यामागचा विचार होता. मनोऱ्यावरून येणारा डिजिटल टीव्हीचा सिग्नल पकडणारा (डीव्हीबी-टी2 पद्धतीचा) ट्यूनरचा डबा, समोरच्या काचेवर चिकटवायच्या दोन पातळ फिती-अँटेना आणि छताला लटकणारा दहा इंची पडदा, असे सगळे मिळून फिटिंगसह अकरा हजार रुपये लागले. विकणाऱ्याने "फुकट टीव्ही, नेट लागत नाही, रिचार्ज नाही" असे सांगितले होते. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. फक्त हा टीव्ही कुठपर्यंत दिसेल, हे मी विचारले नाही आणि त्याने सांगितले नाही.

आधी चांगले सांगतो. दादर ते वाशी या टप्प्यात चित्र इतके स्वच्छ येते की प्रवाशांना ते मोबाइलवरून चालू आहे असे वाटते. सह्याद्रीसह दूरदर्शनच्या चार-पाच वाहिन्या मिळतात. आपल्याकडे जमिनीवरच्या मनोऱ्यांवरून प्रक्षेपण करते ते फक्त दूरदर्शन, त्यामुळे खासगी वाहिन्यांच्या मालिका या डब्यावर कधीच दिसणार नाहीत. हे पहिल्याच फेरीत दोन वहिनींना समजावून सांगावे लागले आणि त्यांची नाराजी पनवेलपर्यंत टिकली.

पनवेल सोडले की चित्राचे चौकोन पडू लागतात, आवाज तुटतो आणि कर्नाळ्याच्या डोंगराआड गेल्यावर पडदा काळा होतो. वडखळजवळ खाडीच्या मोकळ्या पट्ट्यात तो पुन्हा जिवंत होतो, आणि नागोठण्यापुढे जो जातो तो दापोलीपर्यंत येत नाही. सुरुवातीला मला डबाच बिघडलेला वाटला, म्हणून दोनदा फिटरकडे नेला. पुढे स्वतः हिशेब मांडला तेव्हा कारण कळले. मुंबईचा वरळीचा मनोरा सुमारे 300 मीटर उंच आहे. या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात, आणि मनोऱ्याची मीटरमधली उंची घेऊन तिच्या वर्गमुळाला 4.12 ने गुणले की किलोमीटरमध्ये क्षितिज मिळते. 300 मीटरला ते साधारण 71 येते, त्यात गाडीच्या अँटेनाच्या उंचीचे पाच-सहा मिळवायचे. दापोली याच्या जवळजवळ दुप्पट अंतरावर आहे, शिवाय मधे डोंगर आहेत. याउलट अलिबागच्या एका भाड्याला गेलो असताना मांडव्याच्या धक्क्यावर, समोर नुसते पाणी असल्यामुळे, चित्र दादरइतकेच चांगले आले.

मग कोकणात पूर्वी घराघरांत टीव्ही दिसायचा तो कसा, हा प्रश्न साहजिकच पडतो. त्या काळी जागोजागी अॅनालॉगचे, म्हणजे डिजिटलच्या आधीच्या जुन्या पद्धतीचे, छोटे पुनःप्रक्षेपक होते आणि त्यांच्या आधारावर बांबूला बांधलेला अँटेना चालत असे. 2022 पर्यंत दूरदर्शनने देशभरातले जवळजवळ सगळे अॅनालॉग प्रक्षेपक बंद केले. डिजिटल डीव्हीबी-टी2 प्रक्षेपण 2016 साली सुरू झाले ते मुंबईसह सोळा शहरांत, आणि त्या शहरांत मुंबई सोडून आपल्या किनाऱ्यावरचे एकही नाही. त्यामुळे माझ्या डब्याला महाडात, खेडात किंवा दापोलीत पकडण्यासारखे काही हवेतच नसते.

अॅनालॉगची एक गोष्ट मात्र मला अजून चांगली वाटते. सिग्नल कमी झाला की चित्रात मुंग्या येत, डोंगरावर आपटून आलेल्या लहरीमुळे माणसाशेजारी त्याची सावली उभी राहत असे, पण बातम्या ऐकू येत. डिजिटलमध्ये चुका दुरुस्त करणारे गणित ठरावीक मर्यादेपर्यंत सगळे सांभाळून घेते आणि मर्यादा ओलांडली की एकदम हात वर करते. डोंगरावरून आपटून येणाऱ्या उशिराच्या लहरींचा त्रास मात्र आता होत नाही, कारण माहिती हजारो बारीक वाहक लहरींवर वाटलेली असते आणि प्रत्येक तुकड्यापूर्वी थोडी मोकळी वेळ सोडलेली असते. उशिराचा प्रतिध्वनी त्या वेळेत विरून जातो.

चालत्या गाडीची अडचण वेगळी आहे. वेगामुळे लहरींची वारंवारता किंचित सरकते. 500 मेगाहर्ट्झवर ताशी 80 किलोमीटरला हा फरक जेमतेम 37 हर्ट्झ भरतो. वाहक लहरी जितक्या दाट, तितका तो जास्त जाणवतो. त्याहून मोठी अडचण अशी की एकाच अँटेनाला लहरी कधी एकमेकींना मारक ठरतील अशा रीतीने पोचतात आणि गाडी हातभर पुढे गेली की परत जुळतात. म्हणूनच अँटेना दोन असतात आणि ट्यूनर दोघांकडून आलेले मिळवून घेतो. मी एक वायर मुद्दाम काढून पाहिली, तेव्हा वाशीच्या पुलावर स्थिर असलेले चित्र दर काही सेकंदांनी अडखळू लागले.

जपानने हे दुखणे वेगळ्या तऱ्हेने हाताळले आहे. तिथे एका वाहिनीचा पट्टा तेरा भागांत वाटतात आणि मधला एक भाग हलत्या, छोट्या पडद्यांसाठी राखतात. ही सेवा 1 एप्रिल 2006 पासून आहे. त्यामुळे तिथल्या गाड्यांतले संच सिग्नल कमी झाला की स्पष्ट चित्र सोडून त्या लहान, पण दणकट चित्रावर आपोआप येतात. चिपळूणच्या एका ओळखीच्या गाडीवाल्याने जपानहून आलेला वापरलेला संच स्वस्तात घेतला होता. तो आपल्या प्रक्षेपण पद्धतीचा नसल्यामुळे मुंबईतसुद्धा एक वाहिनी दाखवत नाही.

फिटिंगबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण निम्मा त्रास तिथेच होता. फितीच्या अँटेनाला एक बोटाएवढा अर्थिंगचा पत्रा असतो, तो काचेशेजारच्या खांबाच्या उघड्या लोखंडाला लागला पाहिजे. माझ्या फिटरने तो रंगावरच चिकटवला होता. रंग पॉलिश पेपरने खरवडून पत्रा पुन्हा बसवल्यावर दादरच्या त्याच थांब्यावर सिग्नलचा आकडा 41 वरून 58 वर गेला. दुसरी भानगड डॅशकॅमची (समोरचा रस्ता टिपणाऱ्या कॅमेऱ्याची) निघाली : तो चालू असला की दोन वाहिन्या गायब होत, बंद केला की परत येत. त्याची वायर अँटेनापासून दुसऱ्या बाजूच्या खांबातून नेली, तेव्हा ते थांबले. काचेवर धातूचा अंश असलेली उष्णतारोधक फिल्म असेल, तर अँटेना आत लावण्यात अर्थ नाही. शिवाय सेल मारताना बॅटरीचा दाब खाली येतो आणि डबा बंद पडून पुन्हा सुरू व्हायला अर्धा मिनिट घेतो; चहाच्या प्रत्येक थांब्यानंतर हे व्हायचेच.

चालकासमोर जो छोटा पडदा आहे, त्यावर हँडब्रेक ओढलेला असतानाच चित्र दिसते, त्यासाठी एक वेगळी वायर असते. फिटरने ती थेट अर्थला जोडून चालत्या गाडीत चित्र सुरू करून देण्याची तयारी दाखवली. कशेडीत रात्री पावसात गाडी चालवणाऱ्याने अशी मागणी करू नये, असे मी त्याला सुनावले आणि ती वायर आहे तशीच ठेवली. प्रवाशांसाठीच्या छताच्या पडद्याला ही अट नाही. तो पूर्वी पिवळ्या एव्ही वायरीवर होता, अक्षरे पुसट दिसत. एचडीएमआय लावल्यावर बातम्यांची पट्टी शेवटच्या रांगेतून वाचता येऊ लागली.

मार्चमध्ये एक चमत्कारिक गोष्ट घडली. हर्णै बंदरावर रात्री साडेनऊला मासळीच्या पेट्या चढवायची वाट पाहत असताना काळ्या पडद्यावर अचानक सह्याद्रीच्या बातम्या सुरू झाल्या. समुद्रावर गार आणि उष्ण हवेचे थर बसले की लहरी त्यांच्यात अडकून क्षितिजापलीकडे जातात, हे मला वाचून माहीत होते, पण डोळ्यांनी पहिल्यांदा पाहिले. वीस मिनिटांनी वारा फिरला आणि चित्र गेले.

कोकणातल्या मुक्कामासाठी मी आता वेगळी सोय केली आहे. डीडी फ्री डिशची छोटी छत्री मागच्या डिकीत ठेवतो आणि गाडी उभी असेल तेव्हा लावतो. उपग्रह 93.5 अंश पूर्वेला आहे, म्हणजे दापोलीतून तो आग्नेयेला, सुमारे 59 अंश उंच दिसतो. एवढ्या उंचीला सह्याद्रीचे डोंगर आड येत नाहीत, माडाच्या झावळ्या मात्र येतात. मुसळधार पावसात तोही सिग्नल बुडतो, आणि गाडी हलली की छत्री उपयोगाची राहत नाही.

ट्यूनरचा डबा मी काढलेला नाही. नागोठणे आले की मागच्या रांगेतले नेहमीचे आजोबा आता स्वतःच सांगतात, "बंद कर रे, आता काय दिसायचा नाय," आणि मी बटण दाबतो.