विज्ञान युवा की इन्फोसिस पुरस्कार?

चाळिशीला टेकलेल्या एका संशोधक मैत्रिणीचा प्रश्न: आधी कशाच्या मागे लागू?

वयापासूनच सुरुवात करावी. विज्ञान युवा-शांतिस्वरूप भटनागर या केंद्र सरकारच्या पुरस्कारासाठी मर्यादा ४५ वर्षांची. इन्फोसिसने २०२४ पासून ती ४० वर आणली, त्यामुळे तिथे घाई आहे.

पैशात तुलनाच नाही. इन्फोसिसचे एक लाख डॉलर आणि सुवर्णपदक. विज्ञान युवाच्या आधीच्या, जुन्या भटनागर पुरस्कारात पाच लाख रुपये होते, शिवाय वयाच्या ६५ वर्षांपर्यंत दरमहा १५ हजार. सरकारच्या नव्या राष्ट्रीय विज्ञान पुरस्कारांत तो विज्ञान युवा म्हणून सामावल्यावर उरलं पदक आणि प्रशस्तिपत्र. ही रक्कम काढायला नको होती, असं मला मनापासून वाटतं. तरुण शास्त्रज्ञाला ती आयुष्यभराचा आधार होती.

मान मात्र भटनागरचाच जुना. १९५८ साली पहिला मानकरी भौतिकशास्त्रज्ञ के. एस. कृष्णन! शिवाय याच राष्ट्रीय पुरस्कारांतला सर्वोच्च विज्ञानरत्न २०२५ मध्ये आपल्या जयंत नारळीकरांना मरणोत्तर जाहीर झाला.

इन्फोसिसमध्ये दरवर्षी सहाच विभाग, त्यांत अर्थशास्त्र आणि मानव्यविद्याही. विज्ञान युवा पंचवीस जणांपर्यंत मिळू शकतो.

चाळिशीच्या आत असाल आणि कामाची दखल जगात घेतली जात असेल, तर आधी इन्फोसिस. चाळिशी ओलांडलेल्यांनी किंवा देशाची मोहोर हवी असणाऱ्यांनी विज्ञान युवा. इतिहास-समाजशास्त्रवाल्यांना इन्फोसिसच.