गूगल अर्थ प्रो: गोव्यातल्या वारसास्थळांवर नजर ठेवायला कितपत उपयोगी?

फुकटात मिळणारे गूगल अर्थ प्रोपेक्षा चांगले हत्यार वारसाप्रेमींकडे नाही. जमिनीची उपग्रहचित्रे दाखवणारे हे सॉफ्टवेअर २०१५ पासून मोफत आहे. फक्त ते मोबाइलवर नाही, संगणकावर घ्यावे लागते.

खरी ताकद घड्याळाच्या चिन्हात आहे. ते दाबले की त्याच जागेची जुनी चित्रे तारखेनिशी पुढे येतात. मंदिराच्या किंवा किल्ल्याच्या दिशेने सरकणारी चिरेखाण (बांधकामाचे जांभे दगड काढण्याची खाण) यात झटकन ओळखू येते. चिरे यंत्राने ओळीत कापतात, त्यामुळे खड्ड्याच्या कडा सरळ आणि कोपरे काटकोनी असतात. ताजी कापणी तांबडी-नारिंगी दिसते, तर सोडलेल्या खाणीत पाणी साचून हिरवट डबके होते. मात्र तुलना एकाच ऋतूतल्या चित्रांची करा. ऑक्टोबरात हिरवागार असलेला सडा (कातळाचे पठार) एप्रिलमध्ये तांबूस पडतो आणि नवखा माणूस त्यालाच उत्खनन समजतो. दोन तारखांच्या चित्रांत जागाही काही मीटर सरकलेली असू शकते. आधी एखाद्या पक्क्या इमारतीचा कोपरा जुळवून पाहा. मोजण्यापूर्वी इंग्रजी 'यू' ही कळ दाबली की तिरपे दृश्य सरळ वरून दिसते.

केंद्र-संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामाला बंदी आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रण असते. मोजपट्टीतले वर्तुळ इथे फसवते, कारण अंतर स्मारकाच्या मध्यापासून नव्हे, संरक्षित हद्दीपासून धरतात. जुने गोवे (ओल्ड गोवा) इथे हा फरक फार मोठा पडतो. म्हणून अधिकृत नकाशावरून हद्द बहुभुजाने आखा आणि तिच्या कडेपासून रेघ ओढून मोजा.

मर्यादाही ठोस आहेत. तांबडी सुर्लासारख्या रानात झाडांच्या छत्राखाली काय चालले आहे ते दिसत नाही. उसगाळीमळची कातळशिल्पे इतकी बारीक की त्यांच्या रेघा वरून दिसणारच नाहीत. भोवतालचा रस्ता, भराव, वृक्षतोड तेवढी कळते. पावसाळ्यात ढग आड येतात, आणि नवे चित्र कधी येईल याचा नेम नसतो. ताजी हालचाल हवी तर कोपर्निकस ब्राउझर या संकेतस्थळावर सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रे पाहा: साधारण दर ५ दिवसांनी चित्र, पण एक ठिपका १० मीटरचा. त्यात खाण दिसेल, घर धड दिसणार नाही.

एकत्र काम करताना केएमझेड फाइल (नकाशावरच्या खुणा साठवणारी) ईमेलने फिरवू नका, चार जणांकडे चार आवृत्त्या होतात. गूगल अर्थच्या वेब आवृत्तीतला प्रोजेक्ट ड्राइव्हवर ठेवा आणि गावागावातल्या माणसांना संपादनाचा हक्क द्या. प्रत्येक खुणेत चित्राची तारीख, पाहिल्याची तारीख आणि जागेवर जाऊन कोणी खात्री केली, हे तिन्ही हवे. वीरगळ (वीरांच्या स्मरणार्थ कोरलेले दगड), सुट्या मूर्ती, नोंद नसलेली शिल्पे यांचे नेमके स्थान उघड्या लिंकवर मुळीच टाकू नये, चोरांना तोच नकाशा पुरतो. त्यासाठी निमंत्रितांपुरता वेगळा प्रोजेक्ट करावा.