युद्ध पहिल्यापासूनच की शेती आल्यावर?

"माणूस मुळातच भांडखोर" म्हणणारे सुदानमधलं जेबेल सहाबा पुढे करतात, १३ हजार वर्षांहून जुनं दफनस्थळ, ६१ सांगाडे, २०२१ मध्ये हाडं परत तपासली तर ४१ जणांना जखमा निघाल्या, त्यात काहींच्या जुन्या जखमा भरून आलेल्या आणि वर नव्या, म्हणजे एकदाच राडा झाला असं नाही, हे अधूनमधून चालूच होतं. केनियातलं नातारुक पण आहेच, तिथेही असेच सांगाडे, एकाच्या कवटीत ऑब्सिडियनचं (ज्वालामुखीच्या काचेचं) पातं अजून रुतलेलं.

दुसरी पार्टी म्हणते, अहो पण त्याआधीचं काय? स्पेनमध्ये ४ लाख ३० हजार वर्षांपूर्वीची डोक्यात दोन घाव घातलेली कवटी सापडली, पण तो खून झाला, युद्ध नाही. गुहाचित्रांत घोडे, बैल ढिगाने, लढाईचा सीन जवळपास नाहीच. शेती आली, धान्य साठलं, आणि मग जर्मनीत टालहाइमला एकाच खड्ड्यात मारून टाकलेले ३४ जण.

मला दुसरी बाजू जास्त पटते, फक्त शेतीवालं कारण अर्धवट वाटतं, कारण जेबेल सहाबा काय नि नातारुक काय, दोन्हीकडचे शिकारीच होते. पण एक नदीकाठी, एक तळ्याकाठी, मासे भरपूर, अशी जागा कोण सोडणार? आणि हो, बाण नुसता मांसात घुसला तर हाडावर खूण राहतच नाही, हा पहिल्या पार्टीचा मुद्दा काही खोडता येत नाही.